बाहेर एक जास्त

आत्या जिंकली. उद्यानाने तिच्यासाठी भिंतीत एक दार पाडलं, आणि त्या दारातून ती आजही घरी जाते.

हे वाचून झालं असेल तर आता विसरून जावं. उद्यानाच्या दफ्तरात असं दार नाही, अशी आत्या नाही, आणि भिंत सलग असल्याचा दाखला तीन सह्यांनिशी लावलेला आहे. तीन सह्यांपुढे डोळ्यांना कोण विचारतो? तेव्हा आपणही दाराकडे पाठ करून उभे राहू आणि गोष्ट जिथून सुरू होते तिथून, म्हणजे चिखलातून, सुरू करू.

आत्या होड्या बुजवायची. होड्यांच्या फटी, खरं तर, पण आवारात सगळे तसंच म्हणायचे. लाकडी होडीच्या दोन फळ्यांमध्ये नखभर फट असते. तिच्यात कापसाचा पीळ लाकडी हातोड्याने ठोकत न्यायचा, वरून गरम डांबर फिरवायचं आणि मग समुद्राला म्हणायचं, ये आता, बघते तुला. बत्तीस वर्षांत तिच्या हातची एकही होडी बुडाली नव्हती. एक बुडाली होती, पण ती खडकावर आपटून. आणि तेव्हाही, आत्या शपथेवर सांगायची, फटी शाबूत होत्या.

होड्यांचं आवार खाडीच्या पलीकडे, जमिनीच्या चिंचोळ्या टोकावर. घर अलीकडे, वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर. मध्ये चिखल. ओहोटी लागली की त्या चिखलातून खडकांची एक रांग वर यायची, पाण्यात बसलेली म्हैस उठावी तशी. त्या रांगेवरून चालत गेलं की वीस मिनिटांत घर. रस्त्याने गेलं तर दोन बस आणि सव्वा तास.

सव्वा तासाचंही तिला काही नव्हतं. सकाळी ती बसनेच जायची. धुतलेले कपडे, विंचरलेले केस. लोक उठून "बसा काकू" म्हणायचे. संध्याकाळी तीच बस, तीच माणसं, पण काकूंच्या अंगाला डांबराचा वास. मग कंडक्टर सीटवर वर्तमानपत्र अंथरायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "बघून हं मावशी, टेकू नका." सकाळची काकू संध्याकाळपर्यंत मावशी व्हायची. शेजारचा उठायचा. मग पुढचा उठायचा. एकदा तर एक गृहस्थ दोन थांबे आधीच उतरले आणि बसबरोबर चालत घरी गेले. एकदा कंडक्टरकडचा पेपर संपला होता, तर त्याने तिला मागच्या पायरीवर उभं केलं. बस रिकामी होती.

चिखलात असलं काही नव्हतं. निवट्या, चिखलातल्या त्या इवल्या मासळ्या, टणाटण उड्या मारून बाजूला व्हायच्या, पण निवट्या कुणासाठीही बाजूला होतात. त्यात अपमान नसतो.

महिन्यातले निम्मे दिवस ओहोटी आडवेळी यायची, तेव्हा बस नशिबी. उरलेले निम्मे दिवस चिखलातली वाट. त्या निम्म्या दिवसांच्या जोरावर आत्या बाकीचे निम्मे काढत होती.

मग शहराला निसर्ग हवासा झाला.

खाडीकाठच्या खारफुटीभोवती भिंत आली. आत खांबांवर लाकडी वाट आली, पक्षी बघायला झोपडी आली, आणि ठिकठिकाणी फलक आले. मुख्य रस्त्याच्या बाजूला प्रवेशद्वार. तिथे पाटी, "येथून निसर्ग सुरू". वसाहतीच्या बाजूला बाहेर पडायचं दार, आत्याच्या जिन्यापासून तीस पावलांवर, तिथे पाटी, "निसर्ग समाप्त. पुन्हा या". लाकडी वाट एकेरी होती. मागे वळणं मनाई, कारण मागे वळलेला माणूस पुढून येणाऱ्याला अडतो आणि दोघंही पक्ष्यांकडे बघायचं सोडून एकमेकांकडे बघत बसतात. समुद्राच्या बाजूला भिंत नव्हती. कंत्राटदाराने दोनदा घातली. दोन्ही वेळा समुद्र येऊन बघून गेला.

आत्याची खडकांची रांग नेमकी पक्ष्यांच्या झोपडीपाशी येऊन संपत होती. उद्यान उघडलं त्या दुपारी ती नेहमीसारखी आली, हातातली पिशवी वर ठेवली, कठडा धरला, वाटेवर चढली, आणि दुर्बिणी घेतलेल्या लोकांच्या मधून पाय झटकत बाहेरच्या दाराशी पोचली.

दाराला लोखंडी चक्री होती, एका वेळी एकच माणूस सोडणारी, आणि माणूस गेला की टक् करून आकडा पुढे सरकवणारी. चक्रीजवळ चौकीदार म्हणून उभा होता तिचा भाचा. तिच्या भावाचा मुलगा, लहानपणापासून तिच्याच घरात, तिच्याच हातचे धपाटे खाऊन सहा फूट झालेला. नोकरीला लागून त्याला चार तास झाले होते.

"आत्या! तू आत कशी आलीस?"

"आत कुठे आले? मी बाहेर चाललेय."

"अगं, पण आत आल्याशिवाय बाहेर कसं जाता येईल?"

"ते तुझ्या उद्यानाला विचार. मला घरी जायचंय. आणि टोपी सरळ घाल, झाकण उडालेल्या बरणीसारखा दिसतोयस."

त्याने टोपी सरळ केली. तेवढ्यात आत्या चक्रीतून गेली. टक्.

घोडं अडलं ते संध्याकाळी सहाला. नियम असा होता की उद्यान बंद करताना प्रवेशद्वाराचा आकडा आणि बाहेरच्या दाराचा आकडा जुळला पाहिजे. बाहेरचा कमी भरला, तर कुणीतरी आत राहिलंय, बहुधा चिखलात; मग शिट्ट्या, दोर, फळ्या, छोटी होडी. त्या दिवशी आत दोनशे बारा माणसं गेली होती. बाहेर दोनशे तेरा आली होती.

असं होईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. अधीक्षक साहेबांनी नियमावली काढली. शिस्तीचे गृहस्थ, घरी मुलांनाही ते "उपस्थित सर्व" म्हणायचे, असं ऐकिवात होतं. नियमावलीत एकच ओळ होती: आकड्यांत तफावत आढळल्यास शोध घ्यावा.

"शोध घ्या," साहेब म्हणाले.

"कुणाचा, साहेब?" भाच्याने विचारलं.

"जो जास्त आहे त्याचा."

"तो बाहेर आहे ना पण."

"म्हणूनच आत सापडायला वेळ लागेल. चला!"

सात कर्मचाऱ्यांनी चाळीस मिनिटं शोध घेतला. भाचा सगळ्यांत जीव तोडून शोधत होता. खारफुटीच्या मुळांत वाकून वाकून बघत होता. ज्याला उत्तर माहीत असतं त्याला असं शोधावंच लागतं. कुणीही सापडलं नाही, हे साहेबांनी "शोध यशस्वी" असं लिहून ठेवलं, कारण एक माणूस कमीच सापडायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी आत एकशे नव्वद, बाहेर एकशे एक्याण्णव.

संशय आला प्रवेशद्वारावरच्या मोजणीबाईंवर. या बाईंनी आधी अठरा वर्षं एका नाट्यगृहाच्या दारावर काढली होती. मध्यंतरानंतर अंधारात परत आलेली माणसं त्या चपलेच्या आवाजावरून ओळखायच्या, आणि दुसऱ्याच्या तिकिटावर आलेला माणूस खोकल्यावरून.

"बाई, तुमचा रोज एक चुकतोय," साहेब म्हणाले.

"माझा?" बाईंनी चष्मा काढला. "साहेब, उद्या इथे खुर्ची टाकून बसा. तुम्ही मोजा, मी मोजते. माझा चुकला तर तुमच्या पाटीवर माझा फोटो लावा, 'निसर्ग समाप्त'च्या खाली."

साहेब दिवसभर खुर्ची टाकून बसले. दोघांचाही आकडा एकशे सत्त्याऐंशी. बाहेर एकशे अठ्ठ्याऐंशी. बाईंनी नुसता चष्मा पुसला, पण असा, की साहेबांनी दुसऱ्या दिवशीपासून त्यांना "मोजणीबाई" म्हणायचं सोडून "आपण" म्हणायला सुरुवात केली.

आता दुसरा कुणी असता तर बाहेरच्या दाराशी जाऊन उभा राहिला असता. साहेबांनी आदेश काढला. बाहेर रोज एक जास्त भरतो, म्हणजे आत एक कमी पडतो. तेव्हा रोज सहाला पाच कमी असताना एका कर्मचाऱ्याने प्रवेशद्वाराने आत जावे, व बाहेरच्या दाराने बाहेर पडू नये. आदेशाचं नाव होतं "समतोल प्रवेश". तो कर्मचारी मग बाहेर कसा पडणार, याबद्दल आदेशात एवढंच होतं: त्याने स्वतःची सोय पाहावी.

तरुण म्हणून काम आलं भाच्याकडे. चक्री दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे सोपवून तो रोज संध्याकाळी अख्ख्या उद्यानाला वळसा घालून प्रवेशद्वाराने आत शिरायचा आणि मग भिंतीवरून बाहेर उडी मारायचा. आकडे जुळू लागले. साहेबांनी वर कळवलं की प्रणाली स्थिरावली आहे. प्रणालीची विजार पहिल्याच दिवशी गुडघ्यावर फाटली.

घरी आत्या ती विजार शिवत होती. तिसऱ्यांदा.

"म्हणजे मी दारातून घरी यायचं आणि माझ्याऐवजी तू भिंतीवरून?"

"तुझ्याऐवजी नाही गं. आकड्यासाठी."

"मग आकड्याकडूनच शिवून घे."

"आत्या, थोडे दिवस बसने ये ना. मी कायम होईपर्यंत. त्यांना कळलं ना की ती एक जास्त म्हणजे माझीच आत्या आहे, तर मला हाकलतील."

"आणि तू कायम झालास की?"

"मग बघू."

"नाही बघायचं. आत्ता बघ." तिने दोरा दाताने तोडला. "तू कायम होणार म्हणून मी तात्पुरती व्हायचं का रे? त्या बसमध्ये माझ्याखाली काय काय अंथरलंय ठाऊक आहे? मंत्री, नट, शेअर बाजार, हवामानाचा अंदाज. सगळ्यांवर बसून आलेय मी. पण एकदाही कुणी असं म्हटलं नाही की मावशी, असू दे, अशाच बसा. चोरी केली असती तर मान खाली घातली असती. डांबर लागलंय. कामाचं आहे. मी माझ्या वाटेने येणार."

"वाट आता उद्यानाची आहे."

"उद्यान कधी आलं?"

"या महिन्यात."

"आणि मी?"

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ जळलाही नव्हता आणि पीळ ठोकणं हाच धंदा होता. भाच्याने विजार घेतली आणि तो जाऊन झोपला.

ओहोटी रोज पाऊण तासाने पुढे सरकते. हे आत्याला माहीत होतं, खेकड्यांना माहीत होतं. समतोल प्रवेशाच्या आदेशाला माहीत नव्हतं. सरकत सरकत एक दिवस ओहोटी संध्याकाळी सातवर गेली, उद्यान बंद झाल्यावर. आत्या निमूटपणे बसने गेली, पायरीवर उभी राहून. आणि भाचा, आदेश तो आदेश म्हणून, सहाला पाच कमी असताना प्रवेशद्वाराने आत गेला आणि भिंतीवरून बाहेर आला.

आत दोनशे एक. बाहेर दोनशे.

हे मात्र खरं संकट होतं. याची नियमावली बारा पानी होती. शिट्ट्या वाजल्या. दोर आले, फळ्या आल्या, होडी पाण्यात गेली. वसाहतीतली माणसं गच्च्यांवर जमली. साहेब कर्ण्यातून ओरडत होते, "घाबरू नका! जिथे आहात तिथेच थांबा! हात वर करा!" होडीत वल्हं मारायला भाचा होता. सवयीने त्याने हात वर केला.

"तू नाही रे! जो हरवलाय तो!"

"साहेब," भाचा म्हणाला, "तो मीच आहे."

"वल्हं मार!"

"मारतो, पण मीच आहे. आज आत गेलेला आणि बाहेर न आलेला. तुमच्याच आदेशाने."

साहेबांनी कर्णा खाली केला. "मग रोज जुळत होतं ते?"

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधोमध होडीत भाचा. त्याने सगळं सांगून टाकलं. आत्या, आवार, खडकांची रांग, बत्तीस वर्षं. पायरीवरची गोष्टसुद्धा. वसाहतीच्या गच्चीवरून आत्या हे बघत होती, आणि आपल्या भाच्याला स्वतःचाच शोध घ्यायला लावणाऱ्या माणसांबद्दल तिने जे उद्गार काढले ते ऐकून शेजारणीने मुलांना आत नेलं.

बारा दिवसांनी ओहोटी पुन्हा दुपारी आली. साडेचारला आत्या खडकांवरून चालत झोपडीपाशी पोचली, तर वर कठड्याशी साहेब उभे. शेजारी मोजणीबाई, हातात वही. मागे भाचा, टोपी एकदम सरळ.

आत्याने पिशवी वर ठेवली. "हात द्या जरा."

साहेबांनी सवयीने हात दिला, ती वर चढली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. हाताला डांबर लागलं होतं. त्यांनी हाताकडे पाहिलं, विजारीकडे पाहिलं, आणि हात हवेतच ठेवला.

"बाई, इथून आत येता येत नाही."

"मग ही मी आले ती काय?"

"तुमची नोंद नाही. ज्याची आत नोंद नाही त्याला बाहेर सोडता येत नाही. आपण आलात तशा परत जा."

आत्याने मागे पाहिलं. "जाते की. पण इथून झोपडीपर्यंत मागे वळावं लागेल. चार पावलं. पाटी काय म्हणते?"

पाटी म्हणत होती: मागे वळण्यास सक्त मनाई.

"मागे न वळता उलट चालत जा," साहेब म्हणाले. सहज बोलून गेले, पण बोलल्यावर त्यांना ते पटलं.

"जा तुम्ही पुढे, मी बघून शिकते," असं म्हणून आत्या बाकावर बसली. अंग टेकून, ऐसपैस. बाकावर पेपर नव्हता.

बोलाचाली चालली आणि पाणी चढत गेलं. साडेपाचला खडकांची रांग दिसेनाशी झाली. आता परत जायची वाटही मिटली. पुढे जाता येत नव्हतं कारण ती आत आली नव्हती. मागे जाता येत नव्हतं कारण समुद्र आला होता.

"सहाला उद्यान बंद होतं," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "सहानंतर आत माणूस थांबू शकत नाही."

"कोण थांबू शकतं?"

"वन्य जीव. फक्त."

बाकासमोरच मोठा फलक होता: उद्यानात आढळणारे जीव, एकूण एकशे अठ्ठेचाळीस. आत्या उठून तो वाचू लागली. बोट लावून, एकेक. "हा बगळा. हा समुद्राकडून येतो ना? हा चक्रीतून जातो का?"

"नाही."

"ही टिटवी?"

"बाई, ते पक्षी आहेत."

"याच वाटेने येतात, याच वाटेने जातात, तुम्ही त्यांची कौतुकाने चित्रं लावता. मग मला लिहा एकशे एकोणपन्नास. ओहोटीला येते, भरतीच्या आत घरी जाते. आवाज कर्कश. रंग डांबरी. लोक सहसा शेजारी बसत नाहीत. लिहा की! बत्तीस वर्षं इथे आढळतेय मी. तुमचं ते बदक मागच्या थंडीत आलंय, त्याला चौकट मिळाली."

दुर्बिणी घेतलेली चार-सहा माणसं आता पक्ष्यांकडे पाठ करून बघत होती. त्यांच्यातल्या एका आजोबांनी दुर्बीण आत्याकडे वळवली आणि बायकोला म्हणाले, "खरंच चिडलीय गं."

साहेबांचा आवाज चढला. "उद्यापासून या कठड्याला जाळी लागेल. आणि तुमच्या या भाच्याची नोकरी—"

"त्याला मध्ये आणू नका," आत्या म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "त्याने मला आत घेतलं नाही. मला कुणीच आत घेतलेलं नाही. जाळी लावा. मी पक्कड आणीन. भिंत घाला. मी शिडी आणीन. भाचा माझा सहा दिवस उडी मारत होता तिथूनच मारीन. माझं वय बघा आणि मग रोज गच्चीवरच्या माणसांना सांगा की ही बाई तिच्या घरी का उडी मारून जाते. बसच्या पायरीवर मी आता उभी राहणार नाही. रिकाम्या बसमध्ये तर नाहीच नाही."

भाच्याने टोपी काढली. "आणि शिडी मी धरीन," तो म्हणाला. ते सगळ्यांना ऐकू गेलं. साहेबांपेक्षा आत्यालाच त्याचं जास्त आश्चर्य वाटलेलं दिसलं.

सहाला दोन मिनिटं होती. साहेबांनी डांबरी हात कपाळाला लावला आणि मग तो लावल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

"अर्ज करा," ते थकून म्हणाले. "उद्यानातून ये-जा करण्याची परवानगी मिळावी, असा रीतसर अर्ज. वर पाठवतो."

"आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत?" हे मोजणीबाईंनी विचारलं. त्यांनी वही उघडलीही नव्हती. "नियम एकतीस. निर्णय होईपर्यंत पूर्वस्थिती कायम ठेवावी. पूर्वस्थिती काय होती साहेब? ही बाई घरी जात होती."

"आणि माझे आकडे?"

"चक्रीच्या शेजारी भिंतीला दार पाडा. त्या दाराला आकडा नको. आत न आलेली माणसं तिथून बाहेर जातील. माझे जुळतील, तुमचे जुळतील. नाहीतर वर त्या शोधांचा अहवाल पाठवावा लागेल. त्यातला एक हरवलेला तर वल्हं मारत होता."

साहेबांनी हिशोब केला, आणि ते हसले. ये-जा परवानगीचे अर्ज त्यांना माहीत होते. वरच्या कार्यालयात त्यांच्यासाठी "नामंजूर" असा शिक्का तयारच असतो. फार तर तीन आठवडे. तीन आठवड्यांच्या दाराला दफ्तरात घ्यायचीही गरज नव्हती. "बरं," ते म्हणाले. "तात्पुरतं. लिहा."

बाईंनी कागद दिला, पेन दिलं. आत्या बाकावर बसली. साहेब मजकूर सांगू लागले: "उद्यानातून जाण्याची परवानगी मिळावी, ही..."

आत्याने पेन खाली ठेवलं.

"परवानगी मागायची? माझ्याच वाटेची?"

"अहो, नुसतं लिहायचं असतं!"

"आत्या, लिही ना," भाचा म्हणाला. "दोन शब्द तर आहेत."

"दोन शब्द लिहिले की वाट तुमची झाली. मग तुम्ही दिली तर मी जायचं, नाही दिली तर पायरीवर." तिने पेन पुन्हा उचललं. "अर्ज करते. पण माझा मी करते. कुणी मध्ये बोलायचं नाही."

पाणी लाकडी वाटेच्या खांबांना लागून आवाज करत होतं. तिने सावकाश लिहिलं, एकेक अक्षर ठोकून बसवल्यासारखं. लिहून झाल्यावर कागद मोजणीबाईंनी वाचला, परत वाचला, आणि अठरा वर्षांत कधी अर्ध्या नाटकातून न उठलेल्या त्या बाई उठून आत्याच्या शेजारी बाकावर बसल्या. अगदी लागून.

"याला शिक्काच नाही," त्या म्हणाल्या. "नामंजूर करायचा तर आधी कुठल्या खात्याचा आहे ते ठरवावं लागेल."

ते अजून ठरलेलं नाही. अर्ज आधी उद्यान खात्याकडे गेला, तिथून रस्ते खात्याकडे, तिथून बंदर खात्याकडे. बंदर खात्याने तो अवजड वाहतुकीकडे पाठवला, कारण मजकुरात "उचलून" असा शब्द होता. अवजड वाहतुकीने उद्यानाचं वजन मागवलं आहे. वजन येईपर्यंत पूर्वस्थिती कायम आहे. भाचाही अजून कायम नाही, पण त्याला काढायचं तर कारण लिहावं लागेल, आणि कारण म्हणजे जे घडलेलं नाही ते. मूळ कागदावर डाव्या कोपऱ्यात डांबराचा अंगठा आहे, तो साहेबांचा. अर्ज पुढीलप्रमाणे:

विषय : उद्यान वाटेतून बाजूला घेण्याबाबत.

महोदय,

मी होड्यांच्या आवारातून माझ्या घरी खडकांच्या वाटेने बत्तीस वर्षे जात आहे. गेल्या महिन्यापासून सदर वाटेवर आपले एक उद्यान आढळून येत आहे. त्यासाठी उद्यानाने माझ्याकडे परवानगीचा अर्ज केल्याचे मला माहीत नाही. तरीही मी हरकत घेतलेली नाही, कारण उद्यान चांगले आहे व त्यातील बाक टेकायला बरे आहेत.

तरी ज्या दिवशी दुपारी अथवा संध्याकाळी ओहोटी असेल, त्या दिवशी वीस मिनिटे आपले उद्यान झाडे, पाट्या, झोपडी व अधीक्षक यांच्यासह माझ्या वाटेतून उचलून बाजूला घ्यावे, आणि मी घरी पोचल्यावर पुन्हा होते तिथे ठेवावे. उचलताना व ठेवताना खेकड्यांना इजा होणार नाही याची दक्षता घ्यावी, ही नम्र विनंती.